पोटापासून गळ्यापर्यंत

प्रत्येक नवरा-बायकोला भांडायला एक हक्काचं कारण लागतं. कोणाचं पंख्याच्या वेगावरून असतं, कोणाचं सासरच्या माणसांवरून. या दोघांचं एका बटणावरून होतं.

दोघंही हृदयाचे डॉक्टर. बाई लहान मुलांच्या, साहेब मोठ्या माणसांचे. वर घर, खाली दवाखाना, आणि दवाखान्यात इकोचं मशीन मात्र एकच. छातीवर जेली लावून प्रोब टेकवला की आत धडधडणारं हृदय पडद्यावर दाखवणारं हे मशीन सकाळी बाईंचं असे आणि दुपारनंतर साहेबांचं. आता मोठ्यांच्या डॉक्टरांची रीत अशी, की हृदयाचं टोक पडद्यावर वरच्या बाजूला दिसायला हवं. मुलांच्या डॉक्टरांची रीत बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर विरुद्ध. टोक खाली, छातीत असतं तसं. मुलांच्या हृदयात मुळात काय कुठे असेल याचा भरवसा नसतो, निदान चित्र तरी सरळ असू दे, असं बाईंचं म्हणणं. साहेबांचं म्हणणं असं की आपण पहिल्यापासून असंच बघत आलो आणि आजवर एकाही म्हाताऱ्याने तक्रार केलेली नाही.

चित्र खालचं वर करायला मशीनवर एक बटण होतं. सकाळी बाई पहिलं मूल टेबलावर झोपवायच्या आणि बघतात तर काय, हृदय शीर्षासन करून उभं. दुपारी साहेब यायचे आणि त्यांच्या नशिबीही तेच. शेवटी नर्सने वैतागून मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली, ‘काम झाल्यावर चित्र सरळ करून ठेवावे.’ ती चिठ्ठी दोघांनाही मनापासून पटली. ती दुसऱ्यासाठी आहे याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती, त्यामुळे सगळं होतं तसंच चालू राहिलं.

बाईंचा दरारा मोठा होता. उंची बेताची, पण शिकायला आलेले धिप्पाड डॉक्टर त्यांच्यासमोर प्रोब धरताना घामाघूम होत. बाईंचा क्रम ठरलेला. पोटापासून सुरुवात, गळ्यापाशी शेवट. आधी पोटावर प्रोब ठेवून यकृत कुठल्या बाजूला आहे, मोठ्या रक्तवाहिन्या कशा चालल्यात ते बघायचं. मग हृदयाचे चार कप्पे, त्यांच्यामधल्या भिंती, झडपा, बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या. आणि सगळ्यात शेवटी गळ्याखालच्या खळगीत प्रोब टेकवून मोठ्या धमनीचं वळण. मधला एकही मुक्काम गाळायचा नाही. एखाद्या विद्यार्थ्याला भिंतीत भोक सापडलं आणि नवा खंड सापडल्यासारखा तो ओरडला, की बाई शांतपणे म्हणत, “छान. आता ते सापडलंच नाही असं समज आणि पुढे चल.” कारण हृदयातले दोष पुष्कळदा जोडीने राहतात. एक दिसला की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, तो प्रोब खाली ठेवतो, आणि दुसरा मजेत लपून राहतो.

बाहेर एवढा दरारा, पण घरात एक व्यक्ती बाईंना अजिबात भीक घालत नसे. ती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. शाळेत गणित शिकवायची आणि आईच्या डॉक्टरकीला विटलेली होती. लहानपणी शिंक आली तरी छातीला स्टेथोस्कोप लागायचा. वाढदिवसाला मैत्रिणी आल्या, तर केक कापायच्या आधी बाई त्यांच्या नखांचा रंग बघून घ्यायच्या. दोन मैत्रिणी पुढच्या वर्षी आल्याच नाहीत. म्हणून पोटात बाळ आहे हे कळल्याबरोबर लेकीने अट घातली होती.

“आई, तू फक्त आजी व्हायचंस. स्टेथोस्कोप दाराबाहेर. माझ्या बाळाला तपासायला माझ्या डॉक्टर आहेत.”

“मला काय हौस आहे?” बाई म्हणाल्या होत्या. हौस होती, पण शब्द दिला. आणि दिलेला शब्द इतका कसोशीने पाळला की साहेबांना आश्चर्य वाटलं. गरोदरपणातल्या तपासण्यांचे कागद लेकीने दाखवले तेव्हाही बाईंनी “वा, छान” म्हणून न वाचता परत दिले. सगळं ठीक होतं. बाळंतपणही ठीक झालं. मुलगी झाली. प्रसूतीच्या दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासून, सगळं उत्तम आहे म्हणून घरी पाठवलं. आणि बाळाच्या खोलीला पडदे हवेत म्हणून आजी उत्साहाने स्टुलावर चढल्या त्या थेट जमिनीवर आल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर. प्रोब धरायचाच हात. बाईंची ओपीडी महिनाभर ज्युनिअरच्या गळ्यात पडली आणि साहेबांपुढे बटण दाबायची ज्युनिअरची हिंमत नसल्याने ते तेवढे दिवस साहेबांच्या बाजूलाच राहिलं.

त्या रविवारी लेक-जावई बाळाला घेऊन आले. जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी अडकलं म्हणून आल्या पावली त्याला जावं लागलं. बाळ सोफ्यावर आजोबांच्या मांडीवर विसावलं.

बाळाचं नाव अजून ठरायचं होतं. तोपर्यंत आजोबांनी तिला ‘न्यायाधीशबाई’ करून टाकलं होतं, कारण ती कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे बघायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही.

“इतकी शहाणी आहे,” लेक कौतुकाने सांगत होती. “रडतच नाही. शेजारच्यांना तर घरात बाळ आहे हे खरंच वाटत नाही. दूध प्यायला घेतलं की दोन मिनिटांत झोपते.”

“गुणाची पोर आहे,” बाई म्हणाल्या. “तू असं कधी झोपू दिलं नाहीस आम्हाला.”

हेच बोलणं दवाखान्यात दुसऱ्या कोणा आईच्या तोंडून आलं असतं, तर बाई खुर्चीतून ताडकन उठल्या असत्या. न रडणाऱ्या, दूध पिता पिता झोपणाऱ्या बाळांच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. पण हे पेशंट नव्हतं, ही नात होती. आणि नातीच्या बाबतीत बाईंनी कान, डोळे आणि अक्कल तिन्ही गोष्टी स्टेथोस्कोपाबरोबर दाराबाहेर ठेवल्या होत्या.

लेकीने बाळाला पाजायला घेतलं. थोडं प्यायली, थांबली. धापा टाकल्यासारखा श्वास घेतला, पुन्हा थोडं प्यायली आणि डोळे मिटले. साहेबांनी तिला परत मांडीवर घेतलं आणि रुमालाने तिचं कपाळ पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. मग रुमाल हातात धरून ते नुसतेच तिच्याकडे बघत राहिले.

“हिला घाम येतोय.”

“उकडतंय किती,” बाई म्हणाल्या.

“तुला आलाय?”

बाईंना आला नव्हता. पंखा चालू होता आणि खिडकीतून वारं येत होतं.

“माझे म्हातारे असंच करतात,” साहेब सावकाश म्हणाले. त्यांचं सगळंच सावकाश असे. जिना चढणंसुद्धा. “चार घास खातात, चमचा खाली ठेवतात, दम खातात, घाम पुसतात. आणि मला सांगतात, डॉक्टर, हल्ली भूकच मेली आहे. भूक मेलेली नसते. हृदयाला झेपत नसतं.”

“बाबा, ती अजून महिन्याची पण नाही!”

“तेच म्हणतोय मी. मग ती सत्तरीच्या माणसासारखी का वागतेय?”

बाई हसल्या.

“राईचा पर्वत करू नका हो. म्हाताऱ्यांत राहून राहून तुम्हाला सगळीकडे म्हातारेच दिसतात. उद्या सोमवार आहे, तिच्या डॉक्टरांना दाखवू.”

पण लेक आता बाळाकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. आईकडे न बघता ती म्हणाली, “आई, तू बघ ना.”

“मी काय बघणार? हात बघ माझा.”

साहेब तोवर उठून दवाखान्याच्या किल्ल्या शोधायला लागले होते. “हात माझा, डोळे तुझे,” ते म्हणाले. “चला खाली.”

त्यांना इतक्या लगबगीने जिना उतरताना बाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

खाली तपासणीच्या खोलीत पडदे ओढले, जेलीची बाटली कोमट पाण्यात ठेवली. मशीन सुरू होईपर्यंत साहेबांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं. ठोक्यांच्या मध्ये एक हलकी फुसफुस होती. बाईंनी डाव्या हाताची बोटं बाळाच्या जांघेत ठेवली. तिथली नाडी नीट लागेना. नाही म्हटलं तरी डाव्या हाताला सवय नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी बोटं काढून घेतली.

साहेबांनी लहान मुलांचा बारका प्रोब हातात घेतला. त्यांच्या पंजात तो खडूच्या तुकड्याएवढा दिसत होता. पडद्यावर चित्र आलं, अर्थातच डोक्यावर उभं.

दोघांनीही एकदम बटणाकडे बघितलं. मग साहेबांनी डावा हात लांब केला आणि स्वतःहून ते दाबलं.

“तुझा पेशंट. तुझ्या पद्धतीने.”

“तुम्हाला जमेल का?”

“न जमायला काय झालं?”

जमेना. बाई म्हणाल्या “खाली घ्या” की साहेब पडद्यावरचं खाली धरत, बाईंना बाळाचं खाली हवं असे. “वर म्हणजे वर हो, वर!” “मी वरच चाललोय, तुझं वर कुठे आहे ते मला काय माहीत?” लेक डोळ्यांत पाणी असतानाही हसली. “अरे, तुम्ही दोघं पेशंटसमोर पण असेच भांडता का?” मग तिनेच तोडगा काढला. “वर-खाली बोलूच नका. डोक्याकडे, पायांकडे म्हणा. बाळाचं डोकं तर दोघांनाही एकाच बाजूला दिसतंय ना?” मुलांना उदाहरणं सोपी करून सांगायची तिची सवय इथे कामी आली. त्यानंतर गाडी रुळावर आली.

सुरुवात पोटापासून. यकृत उजवीकडे, ठीक. मोठी शीर, ठीक. धमनीतला प्रवाह मशीनने आलेखात काढून दाखवला. तो टेकड्यांसारखा उंच उठायला हवा होता, इथे त्याच्या सपाट, आळसावलेल्या लाटा होत्या. बाईंनी क्षणभर त्याकडे बघितलं. ‘यांचा हात कोन साधत नाहीये,’ त्यांनी मनाला समजावलं. “पुढे चला, याकडे मग येऊ.”

मग हृदय. चारही कप्पे जागच्या जागी. झडपा ठीक. दोन्ही मोठ्या वाहिन्या जशा एकमेकींना ओलांडून जायला हव्यात तशा जात होत्या. बाईंची मान आनंदाने डोलायला लागली. आणि मग मशीन वाहतं रक्त रंगात दाखवू लागलं, तशी खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत रंगाची एक बारीक चिळकांडी उडालेली दिसली. भोक. लहानसं.

“हे बघा!” बाई जवळजवळ ओरडल्याच. “हे काय! भोक आहे छोटं. अगं, हे पुष्कळ बाळांना असतं. वाढत जाईल तसं आपोआप बुजेल. फुसफुस याचीच होती.”

“म्हणजे घाबरण्यासारखं नाही?”

“काही नाही. अधूनमधून इको करत राहायचा, बस.”

लेकीने ओंजळीत तोंड लपवलं आणि रडली. मोकळं, सुटल्यासारखं रडली. बाईंनी डावा हात तिच्या पाठीवरून फिरवला. त्यांना स्वतःला इतकं हलकं वाटत होतं की प्लास्टरसुद्धा हलकं झाल्यासारखं वाटलं.

“चला, पुरे आता. गार पडली असेल पोर. जेली पुसा.”

साहेबांनी प्रोब उचलला नाही.

“गळा राहिलाय.”

“अहो, कारण सापडलं की!”

“एवढ्याशा भोकाने एवढा घाम?”

या वयात एवढ्याशा भोकाने घाम येत नाही, धाप लागत नाही. हे बाईंना माहीत होतं. साहेबांपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं.

“आणि मान मागे करावी लागेल,” त्या म्हणाल्या. “ती रडेल. मला नाही बघवणार. उद्या ज्युनिअर आला की करू.”

“छान,” साहेब म्हणाले. “आता ते सापडलंच नाही असं समज आणि पुढे चल.”

बाईंच्या नाकावर राग चढला. “मला शिकवू नका तुम्ही!”

“मी कुठे शिकवतोय? तूच शिकवतेस रोज. माझी खोली भिंतीपलीकडे आहे, मला झक मारून ऐकावं लागतं.”

हे ते हसून बोलले, पण प्रोब धरलेला हात तसाच होता, आणि दुसऱ्या हातातल्या रुमालाने ते बाळाचं कोरडं कपाळ पुन्हा पुन्हा पुसत होते. ते बाईंनी पाहिलं. हा माणूसही घाबरला आहे, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी टॉवेलची गुंडाळी केली आणि बाळाच्या खांद्यांखाली सरकवली.

मान थोडी मागे झाली. न्यायाधीशबाईंनी कण्हल्यासारखा बारीक आवाज काढला, त्यापलीकडे जोर नव्हता. साहेबांनी गळ्याखालच्या खळगीत प्रोब टेकवला. पडद्यावर मोठी धमनी उगवली. हृदयातून वर येणारी, मग छत्रीच्या मुठीसारखी वळून खाली उतरणारी. डोक्याकडे जाणाऱ्या फांद्या एकामागून एक दिसल्या. एक. दुसरी. तिसरी. आणि तिसरीच्या पुढे, जिथून ती खाली पायांकडे निघते, तिथे बागेतल्या पाण्याच्या नळीवर कोणी पाय देऊन उभं राहावं तशी ती दबलेली होती. रंग लावला तर अलीकडे शांत निळा, आणि त्या चिमटलेल्या जागी सगळ्या रंगांची नुसती रेटारेटी.

“पायांकडे थोडं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. शिकणारी पोरं ज्याला घाबरत तो हा आवाज. “अजून जरा. थांबा. तिथेच. हलू नका.”

त्यांनी डाव्या हाताने चित्र गोठवलं, मोजमाप घेतलं, प्रवाहाचा वेग घेतला. मग म्हणाल्या, “आता परत पोटावर या.” पुन्हा त्याच सपाट लाटा आल्या. कोनाचा काही दोष नव्हता. त्यांनी बाळाच्या जांघेत पुन्हा बोटं ठेवली, आणि या वेळी डाव्या हाताला नावं ठेवली नाहीत. नाडी जवळजवळ नव्हतीच.

“आई?” लेक म्हणाली. “आई, काय आहे?”

बाई तिच्याकडे वळल्या. हजारो आईबापांना त्यांनी अशा बातम्या सांगितल्या होत्या. शब्द ठरलेले होते, पण आज ते धावून आले नाहीत, एकेक शोधून आणावे लागले.

“शरीराच्या खालच्या भागाला रक्त नेणारी मोठी धमनी एका ठिकाणी अरुंद आहे. पोटात असताना बाळांना एक जास्तीची नळी असते. जन्मानंतर ती हळूहळू बंद होते. ती उघडी होती तोवर सगळं निभावत होतं, म्हणून तपासणाऱ्यांना कळलं नाही. आता ती बंद होतेय. हृदय जीव तोडून ढकलतंय, म्हणून ती दमते. म्हणून रडत नाही.”

“पण तू तर म्हणालीस पुरे.”

“हो.”

“का म्हणालीस?”

काय सांगावं? सबबी तीन-चार होत्या. डावा हात, साहेबांचा कोन, रडेल, गार पडेल. त्यातली एकही आता तोंडातून निघेना.

“मला पुरे व्हायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “मला भीती वाटली. नाडी लागली नव्हती तेव्हाच कळायला हवं होतं. मी कळू दिलं नाही स्वतःला. आजी होते ना मी.”

लेकीने बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. ती चिडेल असं बाईंना वाटलं होतं, आणि चिडली असती तर बरंही वाटलं असतं. पण तिने नाक पुसलं आणि वर्गात फळ्यासमोर उभी राहते तशी ताठ झाली.

“ठीक आहे. आजी आता थोडा वेळ राहू दे. मला डॉक्टर हवी आहे. काय काय करायचं ते क्रमाने सांग.”

बाईंनी क्रमाने सांगितलं. ती बंद होणारी नळी पुन्हा उघडायचं औषध असतं, ते सलाईनमधून सतत द्यायचं. ते मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलची गाडी घेऊन येईल, सोबत डॉक्टर असेल. बाळ जरा सावरलं की ऑपरेशन. अरुंद तुकडा कापून दोन टोकं जोडायची. भोकाला हात लावायची आत्ता गरज नाही. सांगता सांगताच त्यांनी साहेबांना फोन लावून कानाशी धरायला लावला होता, आणि पलीकडच्या डॉक्टरला त्या मोजमापं अशी धडाधड सांगत होत्या की तो मध्ये एकदाच “हो मॅडम” म्हणू शकला. गाडी आली तेव्हा जावईही पोचला होता, हाताला ग्रीस तसंच. त्याने बायकोकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि गाडीत चढला.

औषधाने काम केलं. रात्र सरेपर्यंत बाळाचे गार पडलेले पाय कोमट झाले, आणि सकाळी तिला ऑपरेशनला नेलं.

मुलांच्या हॉस्पिटलात थिएटरबाहेर एक लांबलचक बाक होता. या बाकापुढून बाई आयुष्यभर ये-जा करत आल्या होत्या, नेहमी घाईत, नेहमी कोणाला तरी काहीतरी समजावत. त्यावर बसायची वेळ कधी आली नव्हती. बाक भयंकर टणक होता. जावई भिंतीला टेकून उभा होता. साहेबांनी आणलेलं वर्तमानपत्र बराच वेळ एकाच पानावर होतं. लेक दाराकडे बघत होती आणि बाई जमिनीकडे.

दार उघडलं. सर्जन बाहेर आला. तरुणच होता, मास्क गळ्यात लोंबत होता. बाईंना तो चांगला ओळखत होता, म्हणून लांबण न लावता डॉक्टरने डॉक्टरला सांगावं तसं थेट बोलला.

“मॅडम, अरुंद भाग पूर्ण काढला, टोकाला टोक जोडलं. जोडावर ताण नाही. हात आणि पाय, दोन्हीकडचं प्रेशर आता सारखं आहे. इको करून बघितला, पोटातल्या धमनीचा प्रवाह छान उसळतोय. हृदयाचं पंपिंगही सुधारतंय.”

बाईंनी मान हलवली. शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. हे सगळे शब्द त्यांच्याच धंद्यातले. पण एकाचाही अर्थ आत पोचत नव्हता.

“म्हणजे?” त्यांनी विचारलं.

सर्जन गोंधळला. मॅडम काहीतरी खोलातलं विचारतायत असं वाटून त्याने जोड कसा घेतला, टाके कुठले घातले तेही सांगितलं.

“हो, पण म्हणजे?”

त्याने मदतीसाठी साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा काढून शर्टच्या टोकाने पुसत होते, पुसतच होते.

तेव्हा लेक उठली आणि बाईंच्या समोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटं तिने हातात घेतली.

“आई, इकडे बघ. माझ्याकडे. ती बरी आहे.”

“बरी आहे?”

“बरी आहे. ऑपरेशन नीट झालं.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“पण ते प्रेशर म्हणाले ना काहीतरी...”

“सारखं आहे म्हणाले. सारखं म्हणजे चांगलं. ती वाचली, आई. आपण तिला घरी नेणार आहोत.”

बाईंनी तेच पुन्हा विचारलं, आणि लेकीने तेच पुन्हा सांगितलं. आवाज न चढवता, कंटाळा न करता, सावकाश एकेक शब्द सुटा करून. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कुठे बाईंना ते समजलं, आणि त्या लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.